बसकं रीळ

माझा थोरला चुलता अंबाजी, आमचा तात्या, लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. तिथं त्याच्यासारखे आणखी वीस फिटर होते, त्यामुळे त्याला कुणी वेगळं काढून विचारावं असं काही नव्हतं. तात्याला मात्र विचारलेलं हवं असायचं. तोंडाने कधी बोलला नाही, पण ड्यूटीवरून आला की हात खसाखसा धुऊन कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ, नाहीतर शिवणयंत्र पुढ्यात घेऊन बसायचा. यंत्र चालू झालं की मालकाच्या तोंडाकडे बघायचा. मालक "वा अंबाजी!" म्हणाला की त्याची मजुरी वसूल. नंदाकाकू, त्याची बायको, यावरून त्याला फार चिडवायची. "ह्यांना भाकरी नगं, वाहवा वाढा ताटात," म्हणायची.

माझं तात्यावर प्रेम होतं आणि माझा त्याच्यावर राग आहे. आता माझे केस पांढरे झाले, तरी राग काही उतरला नाही.

माझे वडील, मारुती, तात्याचे धाकटे भाऊ. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आम्ही मूळचे परंदवडीचे. तिथल्या तुकड्यावर दोन कुटुंबं भागेनात, म्हणून तात्याने आबाला लोणावळ्याला आणलं आणि तलावाच्या बाजूच्या एका बंगल्यात माळी म्हणून चिकटवलं. बंगला मुंबईच्या एका वकीलसाहेबांचा होता. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. तात्याची रेल्वेची चाळ तिथून दहा मिनिटांवर.

वकीलसाहेबांना मासे धरायचं वेड होतं. खायला नव्हे हो, नुसते धरायला. शनिवारी आले की काठ्या घेऊन तलावावर. आबा आधी सामान उचलायला जायचा, मग हळूहळू गळ फेकायलाही शिकला, आणि साहेबांपेक्षा लांब फेकू लागला. साहेब मोठ्या मनाचे, त्यांना याचं कौतुकच. परदेशातून आलेल्या एका पाहुण्याने त्यांना एक रीळ, म्हणजे काठीवर बसवायची गळाच्या दोरीची फिरकी, दिलं होतं, ते त्यांनी आबाच्या हवाली केलं. बाकीची रिळं गोल, नारळाएवढी. हे चपटं, बसकं, काठीवर बसवलं की मुठीत मावायचं. गळ फेकताना अंगठा त्याच्या दोरीवर टेकवून ठेवायचा, आणि अंगठ्यानेच दोरी रोखायची. आबाच्या उजव्या अंगठ्याला त्यामुळे काळा घट्टा पडला होता.

चौऱ्याहत्तर साली तलावात एका मोठ्या माशाने आबाच्या हातातून दुसरी एक काठी हिसकावून नेली होती. साहेब रागावले नाहीत, पण त्या संध्याकाळी जेवलेही नाहीत. आबाच्या ते फार मनाला लागलं. तेव्हापासून त्याने काठीच्या बुडाला दाव्याचा तुकडा बांधायला सुरुवात केली. दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि तेही निरगाठ मारून. बैलाचं दावं मनगटाला गुंडाळू नये हे परंदवडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आबाला काय माहीत नव्हतं? पण तो म्हणायचा, "बैल सुटला तर गावात घावतो. ह्ये गेलं तर कुटनं आनायचं?"

शहात्तर सालचा पावसाळा. साहेबांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. रेवदंड्याला त्यांच्या मित्रांची वाडी होती. ते मित्र मचव्यातून समुद्रात जाऊन मोठमोठ्या सुरमई धरायचे, नारळाएवढ्या रिळांवर. आमच्या साहेबांनी पैज लावली, की माझा मारुती ह्या बसक्या रिळावर वीस किलोची सुरमई काढून दाखवेल. मित्र हसले. तलावातलं खेळणं समुद्रात कसलं टिकतंय, म्हणाले.

त्यांचं खरंच होतं. रिळाच्या पोटात पातळ चकत्या असतात, एकावर एक. मासा जोरात पळाला की त्या चकत्या घसरतात आणि रीळ दोरी सोडत राहतं, पण सहजासहजी नाही, जड जड. मासा ओढून ओढून दमतो तो त्या जडपणामुळे. त्या चकत्याच झिजल्या होत्या. नवीन मुंबईतही मिळेनात. परदेशी सुटा भाग त्या दिवसांत आणायचा कुठून? साहेबांनी रीळ तात्यापुढे ठेवलं. "अंबाजी, हे तूच करू शकशील," म्हणाले.

झालं, तात्याला आणखी काय हवं होतं!

त्याने रीळ उघडून पांढऱ्या फडक्यावर मांडलं. आठ दिवस त्याच्यावर डोकं चालवलं. पंपाच्या जुन्या वायसरचं चामडं घेऊन त्याने नव्या चकत्या कापल्या, काचेवर घासून पातळ केल्या. मग चामडं मऊ राहावं म्हणून त्या तेलात भिजत घातल्या. तेल कारळ्याचं. डोंगरावरच्या ठाकरवाडीतून कारळे यायचे, वडगावच्या घाण्यावरून तेल निघायचं, आमच्या दोन्ही घरांत तेच खायला. तात्याने लहानपणी बघितलं होतं, की परंदवडीला मोटेच्या चामड्याला आजोबा कारळ्याचंच तेल चोळत. मोट वर्षानुवर्षं टिकली. मग चकत्या का नाही टिकणार?

रीळ पुन्हा जुळवून त्याने मागच्या जांभळीखाली मला काठी धरायला लावली आणि दोरीचं टोक दुसरीकडून ओढत बसला. बाहेर लोणावळ्याचा पाऊस, सगळं ओलंगच्च. दोरी अशी सुळकन, एका लयीत सुटायची की तात्या एकटाच हसायचा. "बघ रतन, लोन्यावानी," मला म्हणाला. दोरीही साहेबांनी नवी आणली होती, विणलेली, बारीक पण भरली घागर उचलेल अशी. जिच्यावर दोरी गुंडाळतात त्या आतल्या गरगडीला तिचं टोक साधं बांधलेलं असतं. तात्याने गरगडीला भोक पाडून टोक आरपार ओवलं आणि पक्की गाठ मारली. आता दोरी संपली तरी निसटायची नाही. माझ्या बापाचं मरण त्या फडक्यावर इतक्या नीटनेटकेपणाने जुळवलं जात होतं आणि मी बाजूला बसून चहा गाळत होते.

श्रावणात रीळ साहेबांकडे गेलं. त्यांनी ते मुंबईच्या घरी कपाटात ठेवलं. दसरा झाल्यावर गुरुवारी ते गाडी घेऊन आले आणि आबाला घेऊन खाली घाटाने रेवदंड्याला निघाले. जायच्या आधी रीळ तात्याला दाखवावं का, असं आबाने विचारलं होतं. साहेब म्हणाले, "अंबाजीने केलंय ना? मग कशाला?" मार्गशीर्षात माझं लग्न होतं. आबा गाडीत बसताना म्हणाला, "रतन, सुरमई आनतो, पोटभर खाऊन घे. सासरी माळकरी हायत तुज्या."

शुक्रवारी दुपारी नंदाकाकूने तात्यापुढे तेलाचा डबा आणून आदळला. सणाला तळण करून ठेवलेला डबा, झाकण घट्ट बसलेलं. "उघडा ह्ये. कारळ्याच्या त्येलाचं असंच. कडंला सांडलं की वाळून डिंक व्हतं."

तात्याने झाकणाला हात लावला. काठाभोवती पिवळा, कडक चिकटा धरला होता. नखाने निघेना.

"असं हरएक बारी व्हतं?" त्याने विचारलं.

"तर! पावसात कायी न्हाई व्हत. ऊन पडलं की धरतंय. आमच्या निम्म्या जिनगानी ह्यो चिकटा खरडन्यात गेल्या, तुमाला कुटनं ठावं?"

घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट तात्याला ठाऊक नव्हती. त्याने बघितली होती ती मोट, आणि मोट सदा पाण्यात. तो उठला आणि फळीवरची तपकिरीची डबी काढली. उरलेल्या दोन चकत्या त्याने तीत जपून ठेवल्या होत्या, तशाच तेल लावून. त्या एकमेकींना चिकटून एकच झाल्या होत्या. त्याने चाकूचं पातं मध्ये घातलं, चामडं फाटलं पण चकत्या सुटल्या नाहीत.

नंदाकाकूने मला पुढे सांगितलं, की त्याचं तोंड बघून तिला वाटलं ह्यांच्या छातीत कळ आली.

तिथून तो सरळ आमच्याकडे आला. आई आत चूल सारवत होती, मी दारात तांदूळ निवडत होते. तात्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"रतन, आबा कवा येनार?"

"रविवारी. उद्या सकाळी पान्यात जानार हायत ते."

"त्यो कंबरंला दावं बांदतो, ते नेलंय का तितं?"

"व्हय. नवीन वळून नेलंय, चांगलं जाड. का वो तात्या?"

मी चहा टाकते म्हणाले तर हातानेच नको म्हणाला आणि निघाला. सायकल आमच्या कुंपणाला तशीच टेकलेली राहिली. आई आतून म्हणाली, "काय म्हनत व्हते गं?" मी म्हणाले, "काय न्हाई, सहज आले व्हते." सहज आलेला माणूस सायकल विसरून जात नाही, हे मला कळत होतं, तरी मी तसं म्हणाले. संध्याकाळपर्यंत मग कामात लक्ष लागेना.

रेवदंड्याच्या त्या वाडीत टेलिफोन नव्हता. तात्या यष्टीने खोपोलीला उतरला, तिथून पेण, पेणहून अलिबागची शेवटची गाडी. अलिबागच्या स्टँडवर बाकड्यावर पडून राहिला आणि सकाळच्या पहिल्या गाडीने रेवदंडा गाठलं. वाडी शोधत पोचला तर गडी म्हणाला, सगळे आत्ताच बंदरावर गेले. तात्या पळत सुटला. शेचाळीस वर्षांचा माणूस, पायात शेडचे जड बूट, वाळूतून पळाला. पुढचं सगळं मला त्याने स्वतः सांगितलं आहे, एकदा नाही, कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी तंतोतंत तेच.

मचवा सुटला होता, पण फार लांब नव्हता. तीसेक पावलांवर, इंजिन चालू. तात्या बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला आणि ओरडला, "मारुती! ए मारुती!"

आबा वळला. हातात काठी, कमरेला अजून काही नव्हतं. साहेबही उठून उभे राहिले. "अरे, अंबाजी! तू इथं कसा?" मग मित्रांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हाच तो आमचा कारागीर. आख्ख्या मुंबईत जे कुणाला जमलं नाही ते ह्याने घरी बसून केलं. बघा, आपलं रीळ कसं चालतं ते बघायला लोणावळ्याहून आलाय!" चार मोठी माणसं, टोप्या घातलेली, तात्याकडे बघून हसली. एकाने हात वर केला. एकाने टाळी वाजवली.

त्या वेळी तात्याच्या तोंडात शब्द तयार होते. 'रीळ अडकंल. माजी चूक झाली.' एवढेच. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तो आसुसला होता ती समोर मचव्यात उभी होती, आणि ती मोडायला त्याला पाच शब्द पुरले असते. त्याने मला सांगितलं, "रतन, त्ये शब्द जिबंवर आलते गं. म्या गिळलं."

त्याऐवजी तो ओरडला, "मारुती, कंबरंला दावं बांदू नगं रं!"

"का रं दादा?"

"नगं म्हनलं ना! हातातच धर काठी!"

आबा हसला. "बरं बरं, नाय बांदत," म्हणाला. मचवा वळला. तात्या तसाच गुडघाभर पाण्यात उभा राहिला. आपण सांगायचं ते सांगितलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दावं नसेल तर रीळ अडकून काठी जाईल, फार तर फार रीळ बुडेल. बुडालेलं रीळ उघडून कोण बघतंय? त्याचं नावही राहील. हेही त्याने मला सांगितलं आहे, काही लपवलं नाही. मला कधी कधी वाटतं, लपवलं असतं तर बरं झालं असतं.

मग तो वाळूवर येऊन बसला. ऑक्टोबरचं ऊन चढत गेलं. कोळणी मासळी वाळत घालत होत्या, त्यातल्या एकीने त्याला सावलीत बसायला सांगितलं. तो उठला नाही. ऊन पाठीला जसं चटकत होतं तसं त्याला वाटत होतं, की तिकडे मचव्यावर तेच ऊन त्या रिळावर पडतंय, तेच आतल्या तेलावर. दहा वाजले, अकरा वाजले. दुपारपर्यंत येऊ असं साहेब वाडीतल्या गड्याला सांगून गेले होते, आणि लवकर परत येणारा मचवा चांगली बातमी आणत नसतो, म्हणून तो समुद्राकडे बघायचं टाळत होता.

साडेअकराला मचवा दिसला. सरळ किनाऱ्याकडे, पूर्ण जोरात.

मचव्यावर काय झालं ते तांडेलाने, म्हणजे मचवा चालवणाऱ्या कोळ्याने, सांगितलं. आबाने दावं बांधलं नव्हतं. बराच वेळ ते त्याच्या खांद्यावर होतं. मग एका लाटेला मचवा कलला, काठी त्याच्या हातातून निसटता निसटता राहिली, आणि साहेब दचकून "मारुती, रीळ!" असं ओरडले. आबाने मुकाट्याने दावं कमरेला घेतलं. तांडेल म्हणाला, "मी बोललो त्याला, तुझा भाऊ नको म्हणत होता ना? तर बोलतो कसा, दादाला काळजी वाटते, मी बुडेन म्हणून. साहेबांचं रीळ गेलं तर?" अर्ध्या तासाने मासा लागला, मोठा. रीळ पहिल्यांदा दोन हात सुटलं आणि मग जागच्या जागी घट्ट झालं. आबा अंगठ्याने दोरी सोडवायला गेला, अंगठा चिरला. मचव्याला कठडा नव्हता, माशाच्या ओढीसरशी आबा काठीसकट पाण्यात गेला. भरली घागर उचलणारी ती दोरी तुटली नाही, टोकाची गाठ सुटली नाही, आणि निरगाठ ओली झालेली. आबा इंद्रायणीत पोहून मोठा झालेला माणूस, पण कमरेला धरून खाली ओढलं तर पोहणारा काय करणार? मचवा वळवून, तांडेलाने उडी मारून दोरी कापेपर्यंत वेळ निघून गेला होता.

वाळूवर उतरवलं तेव्हा काठी त्याच्या कमरेलाच होती. तात्याने रीळ हातात घेतलं, दोरीचं उरलेलं टोक ओढून बघितलं, ते सुटेना. मग ते खाली ठेवलं आणि आबाचा चिरलेला अंगठा आपल्या मुठीत धरून बसला.

पोलीस आले, पंचनामा झाला. साहेब रडत होते. त्यांनीच हवालदाराला सांगितलं, खाऱ्या पाण्याने रीळ जाम झालं असणार, दोष कुणाचा नाही, तलावातलं रीळ मीच समुद्रात आणलं. तात्या शेजारी उभा होता. मयताचा भाऊ म्हणून त्याने खाली सही केली. तो कधी कुणाशी खोटं बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. नुसता गप्प राहिला.

आबाला परंदवडीला नेलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले. माझं लग्न पुढे ढकललं. चौदाव्या दिवशी दुपारी तात्या पडवीत भिंतीला टेकून बसला होता, मी त्याला पाणी दिलं. तो पाणी न पिता माझ्याशी बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याने सगळं सांगितलं. कारळ्याचं तेल, डबी, गुडघाभर पाणी, टाळी वाजवणारा तो टोपीवाला, सगळं. मी ऐकत होते. आतल्या दाराशी आई होती, हे दोघांनाही कळलं नाही.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नसतं. तो आला की पदर ओढून बाजूला व्हायचं, काही सांगायचं असलं तर मुलांकरवी नाहीतर भिंतीला ऐकवल्यासारखं. माझ्या आईने, अंबूबाईने, लग्नानंतरच्या बावीस वर्षांत तात्याशी एक शब्द थेट बोललेला नव्हता. त्या दिवशी ती बाहेर आली. पदर खांद्यावर होता. तात्याच्या समोर, अगदी दोन हातांवर, उभी राहिली.

"तुमी पोचला व्हता तितं. ते जितं असताना."

तात्याने मान हलवली. त्याला वर बघवेना.

"दावं बांदू नगं म्हनला."

"व्हय."

"त्येनी का म्हनून इचारलं. तवा का न्हाई सांगितलं?"

तात्याने हातातलं पाणी खाली ठेवलं. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी वाटलं, ह्याचं डोकं धरून भिंतीवर आपटावं.

"त्येंना कारन सांगितलं की पटायचं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उगं नगं म्हनलेलं कदी पटत नव्हतं. तुमी भाऊ त्येंचे, तुमाला ठावं व्हतं."

एवढं बोलून तिने पदर पुन्हा डोक्यावरून खाली ओढला आणि आत गेली.

तात्या पुढे एकोणीस वर्षं जगला. त्याने पुन्हा हत्यारांना हात लावला नाही, शेडमधलं काम तेवढं केलं. माझं लग्न त्याने लावून दिलं, आईचं दळण, सरपण, औषधपाणी, सगळं बघितलं. साहेबांनी आईला बंगल्यामागच्या त्या खोल्यांतच राहू दिलं होतं, तिथल्या पडवीत तो रोज संध्याकाळी येऊन बसायचा. आई आतून चहा पाठवायची, पण त्याच्यासमोर कधी आली नाही आणि त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. येणारे-जाणारे बघायचे आणि आपल्या सुनांना सांगायचे, बघा, नवरा गेला तरी थोरल्या दिराचा मान कसा ठेवते अंबूबाई.